कासवाच्या पाठीवरची नळी

मिस्त्रीने ओळंबा नळीत सोडला, आणि तो पाच फुटांवर जाऊन थांबला.

थांबायचं काही कारण नव्हतं. नळी चांगली बारा फूट खोल होती, आणि हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती त्यानेच उभी केली होती. त्याने ओळंबा वर ओढला, पुन्हा सोडला. किल्ली हरवलेला माणूस त्याच खिशात परत परत हात घालतो, तसं त्याने ते चार वेळा केलं. चारही वेळा दोरीला तिथेच ढील पडली. पाचव्यांदा सोडायला हात धजेना. तो गर्भगृहाच्या फरशीवर बसकण मारून बसला.

कारण त्याला आठवलं. बोळा.

एका बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेवर देवीचं हे देऊळ उभं राहत होतं. बांधणाऱ्या समितीने त्यासाठी लांबून एक स्थपती बोलावला होता, म्हणजे देवळाचा आराखडा काढणारा आणि कुठला दगड कुठे बसेल ते ठरवणारा माणूस. पंचाहत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने तिखट. कुठलीही गोष्ट जराशी तिरकी दिसली की त्याचं डोकं फिरायचं, म्हणून कामावरचे सगळे त्याला पाठीमागे काटकोन म्हणायचे आणि तोंडावर काका. पाया भरायच्या वेळी या काटकोनाने सगळ्यांना खड्ड्याभोवती उभं केलं होतं आणि हातातल्या काठीने दाखवत सुनावलं होतं.

"इमारत बांधतोय असं समजू नका. अंग घडवतोय आपण. हे जोतं म्हणजे पाऊल. भिंती म्हणजे मांड्या आणि धड. वर शिखर, ते मस्तक. मधल्या या खोलीला खिडकी नाही, उजेड नाही, एकच दार. का? कारण हे पोट आहे. गर्भगृह उगाच नाही म्हणत. त्याच्या बरोबर खाली, तळाला, हे दगडी कासव बसेल. सगळा भार घेऊन जागचं न हलणारं. आणि कासवाच्या पाठीवरून ही तांब्याची नळी निघेल, ती थेट मूर्तीच्या पायाखाली. ही नाळ. जमिनीतला जीव हिच्यातून वर पोचतो. भिंत सूतभर वाकडी गेली तर मी बोंबलेन, पाडायला लावेन, परत बांधू. पण ही तुंबली, तर बाहेरून देऊळ दिसेल आणि आत काही नसेल. कळलं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्रीनेही डोलावली. तो काही फार देव देव करणाऱ्यांतला नव्हता. चौतीस वर्षांत त्याने घरं, दुकानं, पाण्याच्या टाक्या आणि एका तुरुंगाची भिंतसुद्धा बांधली होती. देऊळ हे पहिलंच. तांब्याची नळी त्याच्या लेखी तांब्याची नळी होती, तीन इंची, दोन तुकड्यांत यायची, मधे एक सांधा.

आता, काँक्रीट ओतताना कुठल्याही उघड्या नळीच्या तोंडात गवंडी चिंध्यांचा बोळा कोंबतो. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. माल आत जाऊ नये म्हणून. काम उरकलं की बोळा काढायचा, हेही शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर कानाशी घरघरत होता, माल पडत होता, आणि मिस्त्रीच्या खिशातला फोन वाजला. लेकीचा. तिला काही ऐकू जाईना, याला काही ऐकू येईना, शेवटी तो फोन घेऊन रस्त्यापर्यंत पळाला.

"बाबा, या वेळी टिकलंय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी ठोके ऐकवले मला."

आधीची दोन टिकली नव्हती. मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभा राहून लहान पोरासारखा रडला, मग डोळे पुसून परत आला आणि सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गुणगुणत नळीचा वरचा तुकडा चढवला, सांधा झाळला, आणि बोळा खालीच राहिला.

इतकंच झालं होतं. एवढ्याशा चुकीला जगात कुठेही कुणी चूक म्हटलं नसतं. पण फरशीवर बसलेल्या मिस्त्रीच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना येऊन चिकटल्या आणि त्या काही केल्या सुटेनात. पोरीच्या पोटात जीव असल्याचं ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी त्याने आपल्या हाताने देवीची नाळ बंद केली होती.

मूर्ती बसायला सहा दिवस होते.

त्याने कुणाकडे ब्र काढला नाही. काढणार तरी कसा? नळी मोकळी करायची तर नुकतीच बसवलेली फरशी फोडावी लागणार, खालचं काँक्रीट सांध्यापर्यंत उकरावं लागणार. मुहूर्त जाणार. समितीचे अध्यक्ष आधीच पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून लोकांच्या अंगावर धावून जात होते, ते याला उभा सोलणार. आणि काटकोन? त्याचा तर विचारही नको. शिवाय एक वेडगळ भीती होती, ती त्याने स्वतःशीही धड कबूल केली नव्हती. तोंडातून शब्द बाहेर पडला, की ते खरं होईल. बोललो नाही तोवर ती एक नळी आहे, बस्स. असं तो स्वतःला सांगायचा आणि दिवसातून दहादा जाऊन नळीच्या तोंडावरचं झाकण बघून यायचा, जसं काही ते मधल्या वेळात आपोआप बरं होणार होतं.

तिसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं.

मिस्त्री कामाच्या कपड्यांतच गेला. लेक खिडकीजवळच्या पलंगावर डाव्या कुशीवर पडली होती, पोटाला पट्टे लावलेले, बाजूच्या यंत्रातून बाळाचे ठोके खोलीभर धावत होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आठवा महिना आहे, बाळाची वाढ मागे पडली आहे, नाळेतून पुरवठा कमी होतोय. लक्ष ठेवू. गरज पडली तर लगेच बाहेर काढू.

"कशामुळे?" मिस्त्रीने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"सांगता येत नाही. होतं कधी कधी असं."

होतं कधी कधी. मिस्त्रीला भिंतीचा आधार घ्यावा लागला. बाईंना वाटलं बाप हळवा आहे, त्यांनी खुर्ची पुढे केली. त्या बिचारीला काय माहीत, की समोरच्या माणसाला कारण ठाऊक होतं, आणि ते तीन इंच रुंद होतं, आणि पाच फूट खोल होतं.

चौथ्या दिवशी, सगळे जेवायला गेले असताना, तो एक लांब सळई घेऊन गर्भगृहात शिरला. बोळा वर येत नसेल तर खाली ठोकून पाडू, असा त्याचा विचार. सळई आत गेली, बोळ्यावर टेकली. त्याने हातोडा उचलला. आणि मग त्याला आपण काय करतोय ते दिसलं. बिनखिडकीची अंधारी खोली, जिला पोट म्हणतात, तिच्यात लोखंड घालून तो वरून घाव घालणार होता. त्याची बोटं हातोड्यावरून सुटली. त्याने सळई इतक्या हळू वर काढली, जणू खाली कुणी झोपलं होतं. मग तो बाहेर येऊन पिंपातल्या पाण्याने तोंड धूत राहिला. कुणीतरी विचारलं, "काय मिस्त्री, उन्हाचा त्रास?" तो हो म्हणाला. त्या दिवशी ढग होते.

सहाव्या दिवशी सकाळी तो आधी दवाखान्यात गेला. मूर्ती आज सव्वाबाराला बसायची होती.

लेक जागी होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. जावई तिच्या पायांशी बसून एका हाताने तिची पोटरी दाबत होता आणि दुसऱ्याने डुलक्या आवरत होता.

"बाबा, आज बहुतेक नेतील मला," ती म्हणाली. "रात्री ठोके दोनदा खाली आले. बारापर्यंत बघू म्हणाल्यात."

"बरं होईल सगळं."

"ते राहू दे. तुम्ही असाल ना?"

मिस्त्रीसमोर सोळा वर्षांपूर्वीचा एक दिवस येऊन उभा राहिला. त्याची बायको अशाच एका दवाखान्यात दगावली होती, साध्या म्हणवणाऱ्या ऑपरेशनमधे. तेव्हा स्लॅब सुरू होता. स्लॅब मधे सोडता येत नाही, सोडला तर सांधा पडतो आणि जन्मभर गळतो, हे कुठलाही गवंडी सांगेल. मिस्त्रीने स्लॅब पुरा केला, हातपाय धुतले आणि गेला. तोवर चौदा वर्षांची पोर एकटीच बाकावर बसलेली होती आणि सांगायला काही उरलं नव्हतं. पोरीने त्याला त्यावरून एक शब्द कधी ऐकवला नाही. फक्त ही बातमी दिली त्या दिवशी, फोनवर, हसत हसत म्हणाली होती, "या वेळी दाराबाहेर तुम्ही पाहिजे हं बाबा. स्लॅब असला तरी."

"अकराला येतो," मिस्त्री म्हणाला. "एक अर्ध्या तासाचं काम आहे. ते केलं नाही तर..." त्याला पुढचं वाक्य सापडेना. "ते केलंच पाहिजे. तुझ्यासाठीच आहे."

"माझ्यासाठी कसलं काम?"

"येतो मी," तो म्हणाला आणि जवळजवळ पळालाच.

देवळासमोर मांडव भरला होता. होम चालू होता, धूर आणि माणसं आणि मंत्र सगळं बाहेरच होतं. मूर्ती मांडवातच एका लाकडी पाटावर, पांढऱ्या कापडाने झाकलेली. आत गर्भगृहात कुणी नव्हतं. मिस्त्री पोटावर आडवा झाला, डोक्याला बॅटरी बांधली आणि नळीत गळ सोडला. गळ म्हणजे बारीक सळई, टोकाला वाकवून कानस मारून टोकदार केलेली, रात्रभर जागून केलेली करामत. पहिल्यांदा ती चाटून गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा काहीतरी अडकलं. त्याने ओढलं, आणि ते तसूभर हललं. मिस्त्रीच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला.

"काय चाललंय?"

दारात काटकोन उभा होता. काठीवर रेललेला, नवंकोरं उपरणं, कपाळाला गंध. मिस्त्री उठायला गेला. पण हात सळईवरून सोडता येत नव्हता, सोडला तर अडकलेलं निसटणार, त्यामुळे उठून उभं राहता येईना, पळता तर मुळीच येईना. अशा पालथ्या अवस्थेत माणूस खोटं बोलू शकत नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. बोळा, फोन, सांधा, सहा दिवस, लेक, नाळ. फरशीकडे तोंड करून सांगितलं, एका दमात.

तो शिव्या ऐकायला तयार होता. शिव्या आल्या नाहीत. वर बघितलं तर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"प्रत्येक थराला नळीत ओळंबा सोडून बघायचं," काटकोन हळूच म्हणाला. "माझं काम होतं ते. माझ्या बापाने मला हेच पहिलं शिकवलं. गुडघे वाकत नव्हते म्हणून मी वरूनच नीट आहे म्हणालो. सात थर झाले, मिस्त्री. सातही वेळा खोटं बोललो मी."

मग त्या माणसाने काठी भिंतीला लावली, भिंत धरून धरून, कण्हत, नव्या उपरण्यासकट फरशीवर लोळण घेतली आणि नळीशी डोकं आणलं. बाहेर शे-दीडशे माणसं हात जोडून बसलेली, आणि आत जिथे थोड्या वेळाने देवी बसायची तिथे दोन म्हातारे डोक्याला डोकं लावून बोळा उपसत होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मिस्त्री यावर पोट धरून हसला असता.

"ओढा. हळू. फिरवा जरा."

"येतंय."

"घाई नको. दोरी बांधा सळईच्या वरच्या टोकाला. हां."

तसूतसूने ते वर येत होतं. चार फूट. पावणेचार. मिस्त्रीच्या मानेवरून घाम नळीत टपकत होता. आणि त्याला खरंच वाटलं, अगदी हाडांतून वाटलं, की तिकडे दवाखान्यातल्या यंत्रावरचे ठोके या दोरीबरोबर वर येताहेत. साडेतीन फूट. अजून थोडं. अजून थोडं, पोरी.

फोन वाजला.

"बाबा," जावयाचा आवाज फाटला होता. "ठोके पडलेत. आत्ता नेतायत तिला. ती सारखी तुम्हाला विचारतेय. कुठे आहात तुम्ही?"

मिस्त्रीने दोरीकडे पाहिलं. ती त्याच्या मुठीत ताणलेली होती. आणखी दहा मिनिटं. फार तर पंधरा. मधे सोडता येत नाही, असं त्याच्या आत कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज त्याने ओळखला. तोच होता, स्लॅबच्या दिवशीचा, अगदी तितकाच शहाणा, तितकाच समजूतदार. इथे थांबावं तर पोर एकटी. जावं तर आपण तिच्या बाळाची दोरी हातातून सोडून चाललो. दोन्हीकडून जीव जात होता. एवढा तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता, बायकोच्या वेळीही नाही, कारण तेव्हा त्याला माहीतच नव्हतं.

"काका, धरा," तो म्हणाला.

"अहो, मला एकट्याला..."

"धरा म्हणतोय ना!"

त्याने दोरी म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि उठून पळत सुटला. मांडवातून गेला तेव्हा लोक बघत राहिले. अध्यक्षांनी काहीतरी हाक मारली. त्याने स्कूटरला लाथ घातली.

शहरातून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर काय काय होतं, ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. एवढंच आठवलं, की प्रत्येक लाल दिव्यापाशी तो मोठ्याने बडबडत होता. "मारली मी. सोडली मी. मीच." शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोरून स्ट्रेचरची गाडी येत होती. दोन परिचारिका, जावई आणि मधे पांढऱ्या चादरीत लेक. तिने मान वळवली. तिला तो दिसला, डोक्याला अजून बॅटरी बांधलेली, छातीपोटावर सगळी धूळ.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो. इथेच आहे. इथून हलत नाही."

तिने डोळे मिटले. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं, गाडी आत गेली, दार बंद झालं. दारावरच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

जावई बाकावर बसला आणि त्याने चेहरा झाकून घेतला. मिस्त्री उभाच राहिला. बसलो तर काहीतरी होईल असं त्याला वाटत होतं. भिंतीवर फरश्या होत्या, तो त्या मोजू लागला, एक फरशी वाकडी बसलेली निघाली, ती त्याला अपशकुनासारखी दिसली, त्याने मोजणं सोडलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा कुणीतरी पळत आत गेलं. मग एक डॉक्टर, वेगळा, मोठी पेटी घेऊन. जावयाने त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्रीने दुसरीकडे पाहिलं. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते आणि ते थांबवायला त्याने जबडा हाताने धरला होता.

फोन वाजला तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. काटकोन.

"मिस्त्री, तुटला हो." म्हाताऱ्याचा आवाज खोल गेला होता. "थोडा वर आला, बाकीचा सिमेंटला धरून बसलाय. आता गळ लागत नाही. गुरुजी विचारतायत, मूर्ती आत आणायची का. माणसं खांदे लावून उभी आहेत. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगा."

"मी सांगू?"

"बोळा तुमचा, न बघणं माझं. दोघांतल्या एकाने तोंड उघडायला पाहिजे. आणि माझी जीभ उचलत नाहीये."

मिस्त्रीने बंद दाराकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. बसवा. मग मूर्ती बसेल, खाली सिमेंट भरलं जाईल, शंभर वर्षं कुणाला कळणार नाही. देऊळ दिसायला देऊळच राहील. त्याचं नावही राहील.

"थांबवा," तो म्हणाला.

"अहो, एवढे लोक..."

"थांबवा. नळी तुंबलीय म्हणा. मिस्त्री बोळा विसरला म्हणा आणि सहा दिवस लपवून बसला म्हणा. माझं नाव घ्या. फरशी फोडावी लागेल, मी फोडतो, पदरचं सामान घालून बांधून देतो. पण असं नका बसवू तिला."

पलीकडून फोन बंद झाला.

मिस्त्रीने कपाळ भिंतीला टेकवलं. बाई, तो मनात देवीला म्हणाला, हे घे. चौतीस वर्षांचं नाव आहे, दुसरं माझ्याकडे काही नाही. हे घे आणि ते राहू दे. त्याने हे तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणत असताना दार उघडलं.

परिचारिका वयाने मोठी होती. तिच्या हातात कपड्याचं एक गाठोडं होतं, इतकं लहान की मिस्त्रीला आधी वाटलं नुसतं कापडच आहे. मग ते हललं.

"मुलगी," ती म्हणाली. "दीड किलोला थोडी कमी. सुरुवातीला श्वास घ्यायला कंटाळा केला बाईसाहेबांनी, म्हणून तुम्हाला एवढं थांबवलं. आता काचेच्या पेटीत ठेवायला नेतेय. आई बरी आहे. टाके घालतायत."

जावई रडायला लागला. मिस्त्रीला रडू येईना. "केव्हा?" त्याने विचारलं. "केव्हा झाली?"

"अकरा एक्केचाळीस. का हो आजोबा, पत्रिका करायचीय?"

अकरा एक्केचाळीस. तेव्हा नळीत बोळा घट्ट बसलेला होता. तेव्हा काटकोनाचा फोन आलाच नव्हता, याने थांबवा म्हटलं नव्हतं, नाव वगैरे काही देऊ केलं नव्हतं. तो भिंतीला डोकं टेकवून सौदा करत होता, तेव्हा नात आत जन्माला येऊन चौदा-पंधरा मिनिटं झाली होती. कुणी त्याच्याकडे काही मागितलंच नव्हतं. सहा दिवस तो ज्या भीतीच्या मुठीत होता ती मूठ त्याची स्वतःचीच होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ इतकं हलकं वाटलं की त्याला बाक धरावा लागला. मग तो एकदाचा बसला.

"नाळ कशी होती?" त्याने तरीही विचारलंच.

"होती जराशी बारीक. आता कापली ती," परिचारिका जाता जाता म्हणाली. "तिचं काम झालं."

खिशातला फोन थरथरत होता. अध्यक्षांचा. मग पुन्हा अध्यक्षांचा. म्हणजे काटकोनाची जीभ उचलली होती तर. उद्या सगळ्यांसमोर छिन्नी घेऊन ती फरशी फोडायला जावं लागणार होतं, आणि एकेकाच्या नजरेखालून जायचं होतं. त्याचं त्याला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. फरशी फोडणं त्याला येत होतं.

तीनच्या सुमाराला लेकीपाशी जाऊ दिलं. ती गुंगीत होती. ओठ सुकले होते. मिस्त्रीने तिचा हात हातात घेतला, तेव्हा त्याच्या नखांतलं सिमेंट तिच्या पांढऱ्या मनगटावर उमटलं, ते तो अंगठ्याने पुसू लागला.

"बघितलीत?" तिने विचारलं.

"बघितली. तुझ्या नाकाची आहे."

"तुम्ही होतात ना बाहेर? सगळा वेळ?"

"होतो. एकदाही हललो नाही."

तिने मान हलवली. तिने डोळे मिटले, त्याला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच ती म्हणाली,

"आत नेताना आईपण विचारत होती. सारखी. बाबा बाहेर आलेत का, बाबा बाहेर आलेत का."

मिस्त्रीचा अंगठा थांबला. सोळा वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मी म्हटलं, हो आई. आलेत."